कोणाशी बोलायचंय?

परवा फोनवर तुझा आवाज अगदीच पडलेला वाटला. तुझ्या ऑनलाइन इंग्रजीच्या वर्गाला पहिल्या दिवशी 38 जण आले, तिसऱ्या आठवड्यात 9 उरले, आणि तू म्हणालीस, "मावशी, लोकांना शिकायचंच नाहीये गं." हे वाक्य मी सातारा जिल्ह्यातल्या शाळेच्या स्टाफरूममध्ये 34 वर्षं ऐकलं आणि स्वतःही म्हटलं. निवृत्त झाले, 2020 च्या लॉकडाउनमध्ये मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला बसले, तेव्हा कुठे ते माझ्या तोंडून जायचं बंद झालं. फोनवर सांगत बसले असते तर तुझी गाडी चुकली असती, म्हणून लिहितेय. सवडीनं वाच.

आधी त्या नऊ जणांचं. हार्वर्ड आणि एमआयटीनं इंटरनेटवर जे कोर्स काढले, त्यांचा हिशेब 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. 2017-18 या वर्षात नाव घातलेल्या शंभरांतल्या जेमतेम तिघांनी कोर्स पुरा केला. एवढी मोठी विद्यापीठं, एवढे नावाजलेले प्राध्यापक, आणि शंभरात तीन! तुझे तर अडतीसात नऊ आहेत. पण त्याच हिशेबात दुसरा एक आकडा होता. ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नाव नोंदवलं, त्यांच्यातले 46 टक्के शेवटपर्यंत टिकले. आता पैसे भरले म्हणून टिकले, की टिकणारेच पैसे भरतात, हे कोंबडी आधी की अंडं आधी असं आहे. तरी माझं ऐक, वर्ग फुकट ठेवू नकोस. महिन्याला शंभर-दोनशे का होईना, घे. ज्याला तेही जमणार नाही त्याला गुपचूप माफ कर, पण 'फुकट' हा शब्द जाहिरातीत नको. फुकटच्या वर्गाला लोक लग्नाच्या पंगतीला आल्यासारखे येतात, जेवण आवडलं नाही की पान टाकून उठतात.

पैशानं माणूस उंबऱ्यापर्यंत येतो एवढंच. आत बसवायचं काम वेगळं.

उद्या वर्ग उघडलास की आधी पडद्यावरची नावं वाच. माझ्या पहिल्या वर्गात कोण कोण होतं माहितीये? 'रेडमी नोट 7', 'गॅलेक्सी', 'ओप्पो', 'पप्पांचा फोन'. ज्या फोनवरून माणूस शिरतो त्या फोनचंच नाव पडद्यावर उमटतं आणि ते कसं बदलायचं हे कुणी त्यांना दाखवलेलं नसतं. मी आठवडाभर "रेडमी, यू टेल" करत राहिले. मला त्यात गंमत वाटत होती. आठव्या दिवशी रेडमी गायब. कॅमेरा बंद, माइक बंद, त्यामुळे तोवर रेडमी म्हणजे बाई की बुवा हेही मला ठाऊक नव्हतं. ग्रुपमधून नंबर शोधून फोन लावला, तर पलीकडून एक पुरुषी आवाज म्हणाला, "ती भांगलायला गेलीये, फोन माझाय." रात्री तिचा फोन आला. बिचारीनं आधी माफीच मागितली.

मी विचारलं, "इंग्रजी कशाला शिकायचंय गं?" ती म्हणाली, "काही नाही, ज्ञान मिळतं. पुढंमागं नोकरीला उपयोग." हे उत्तर सगळे देतात. दहावीच्या निबंधातलं आहे ते, पाठ झालेलं. त्याच्यावर विसंबून तू धडा काढलास की वर्ग फुटलाच समज. माझ्या तोंडून त्या दिवशी सहज दुसरा प्रश्न गेला, "बरं, इंग्रजीत बोलायचंय कोणाशी?" ती जरा वेळ गप्प राहिली. मागं कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "पोराच्या बाईंशी."

तिचा मुलगा तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पहिलीत. पालकसभेत ही मागच्या बाकावर बसायची. "सगळे हसले की मीपण हसते," म्हणाली. "काय झालं ते घरी आल्यावर पोराला विचारते." शाळेच्या ग्रुपवर बाईंचा निरोप यायचा, 'काइंडली सेंड टू पासपोर्ट साइझ फोटोज टुमारो.' तो हिला कळायचा रात्री, नवरा आल्यावर. तोवर तालुक्याचा फोटो स्टुडिओ बंद. सकाळी पोरगं फोटोशिवाय शाळेत, आणि वहीत लाल शाईनं शेरा. तो शेराही इंग्रजीतच.

दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक मिटलं. तिला सांगितलं, शाळेच्या ग्रुपवरचे निरोप मला पाठव. महिनाभर आमचा धडा तोच. काइंडली म्हणजे काय, सबमिट म्हणजे काय, 'कम्पल्सरी' लिहिलं असेल तर खरंच सक्ती असते का, ताप आला तर बाईंना दोन ओळींत कसं कळवायचं. ती एक दिवस चुकली नाही. फोन नवऱ्याचा, म्हणून त्यानं जेवायला बसायच्या आधी तो हिच्या हातात द्यायचा, अशी त्या घरात रीतच पडली.

तेव्हापासून मी पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, तोही सगळ्यांसमोर नाही, वेगळा फोन करून. कोणाशी बोलायचंय? उत्तरं ऐकशील तर थक्क होशील. पुण्यात गाडी चालवणारा एक जण म्हणाला, मागच्या सीटवर बसलेल्या हिंजवडीच्या पोरांशी, कारण ती आपल्याबद्दल इंग्रजीत बोलतात असं त्याला वाटायचं. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराला बोलायचं नव्हतंच, माल घेणाऱ्या कंपनीचे मेल आणि औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचायचा होता. एका आजोबांचा नातू न्यू जर्सीत. मराठी समजतो पण उत्तर इंग्रजीत देतो. आजोबा म्हणाले, "मला त्याच्याशी भांडता आलं पाहिजे." भांडता! मला ते फार आवडलं. प्रेम काय, मराठीतही पोचत होतं.

ही उत्तरं वहीत लिहून ठेव. नावापुढे ते माणूस लिही. कुणी दोन दिवस आलं नाही तर 'का आला नाहीत' असं विचारू नकोस. 'नातवाचा फोन आला होता का?' असं विचार.

याला शास्त्राचाही आधार आहे बरं का, नुसतं मावशीचं डोकं नाही. एका प्रशिक्षणात आम्हाला गार्डनर आणि लॅम्बर्ट शिकवले होते. कॅनडातल्या या दोघांनी 1959 मध्ये मॉन्ट्रियलच्या इंग्रजी बोलणाऱ्या, पण फ्रेंच शिकणाऱ्या शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना फ्रेंच हवं होतं ते कामाधंद्यासाठी, काहींना फ्रेंच माणसांत मिसळायचं होतं म्हणून. मिसळायला निघालेली मुलं सरस ठरली. परीक्षेपुरतं मी ते पाठ केलं आणि सोडून दिलं, कारण आमच्या तालुक्यात मिसळायला गोरा साहेब आणायचा कुठून? हीच अडचण झोल्तान दोर्नेई नावाच्या हंगेरीतल्या अभ्यासकाला आली. तिथल्या पोरांच्या आसपासही इंग्रज नव्हते. 2005 च्या सुमारास त्यानं मांडलं की माणूस उद्याच्या स्वतःला डोळ्यांपुढे धरून भाषा शिकतो, इंग्रजी बोलणारा 'मी' त्याला दिसावा लागतो. दिसला की तो मेहनत घेतो. माझ्या रेडमीला दिसत होतं ते पालकसभेत पहिल्या बाकावर बसलेलं तिचं स्वतःचं रूप. दोर्नेईचं पुस्तक मिळालं तर वाच, नाही मिळालं तरी बिघडत नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट सांगते. लाज.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. तुझ्या वर्गातले चाळिशीपुढचे सगळे त्याच्या आधीचे, पाचवीत ए-बी-सी-डी गिरवलेले. त्यांच्या मनात इंग्रजी म्हणजे उभं राहून वाचायचं आणि वर्गानं हसायचं. त्यातला एक हशा माझ्या नावावर आहे. एका मुलानं सहलीचं वर्णन वाचताना 'स्नॅक्स' ऐवजी 'स्नेक्स' वाचलं. वुई एट स्नेक्स. पोरं हसली, त्याचं काही नाही, मीही हसले, आणि वर त्याला ते तीनदा म्हणायला लावलं. ॲ हा आवाज आपल्या जिभेला मुळात नवा आहे, त्यात त्याचा काय दोष? दहावीपर्यंत त्या मुलानं माझ्या तासाला तोंड उघडलं नाही. आज त्याचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. कंपनीची इंग्रजी यादी बोट न ठेवता वाचतो, हायड्रॉलिक पंप, इंजेक्टर, क्लच प्लेट, सगळं. मला चहा पाजतो आणि म्हणतो, "बाई, इंग्रजी काय आपल्याला जमलं नाही."

म्हणून पहिले तीन आठवडे चारचौघांत कुणाचा माइक उघडायला लावू नकोस. कॅमेऱ्याचा तर आग्रहच नको. मागं कुणाचं पोपडे उडालेलं घर असतं, कुणाची सासू खाटेवर झोपलेली असते. त्याऐवजी व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायला सांग, तुझ्या एकटीच्या नंबरवर, अर्ध्या मिनिटाचा. याची गंमत बघ. एखादी बाई बोलते, स्वतःच ऐकते, आवडत नाही, पुसते, पुन्हा बोलते. तुझ्यापर्यंत तो निरोप येईपर्यंत एकच वाक्य पाच-सहा वेळा म्हणून झालेलं असतं. एवढा सराव मी शाळेत वर्षभरात करून घेतला नसेल. तू उत्तरही आवाजातच दे. लाल शाई नको. तिनं 'ही डोन्ट नो' म्हटलं असेल तर तू म्हण, 'ओ, ही डझन्ट नो? देन हू नोज?' बरोबर रूप तिच्या कानावरून जाऊ दे. चौथ्या-पाचव्यांदा तिचं तिलाच ऐकू येतं.

चूक मात्र कुठून आली ते समजून घे. तो गाडीवाला, मी वर्गात हजेरी घेताना, ओरडायचा, "आय केम, आय केम!" पहिल्यांदा मीही चमकले. मग लक्षात आलं, तो 'आलो आलो' म्हणतोय. आपण जेवणावरून उठायच्या आत 'आलो' म्हणतो, निघायच्या आत 'निघालो' म्हणतो. हे मी त्याला मराठीत समजावलं, की आपला भूतकाळ घाईवर असतो, त्यांच्याकडे 'कमिंग' म्हणतात. तो खूश. आपण अडाणी नाही, आपल्या भाषेची चाल वेगळी आहे, एवढं कळल्यावर माणूस किती मोकळा होतो! तेव्हा वर्गात मराठी बोलायला मनाई करू नकोस. आमच्या शाळेत एक वर्ष इंग्रजीच्या तासाला मराठी शब्दाला चार आणे दंड होता. डब्यात पैसे जमले, इंग्रजी काही जमलं नाही. माझे वडील तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर, मराठीचा हात धरूनच शिकले आणि पोस्टात नोकरीला लागले.

तीन आठवडे झाले, जीभ थोडी सैल झाली, की भिशी लाव. हसू नकोस. बायका एक वेळ लग्न चुकवतील पण भिशी चुकवत नाहीत, कारण आपल्यावाचून दुसरीचा नंबर अडतो. मी पाच-पाच जणांचे गट करते. दर शनिवारी चिठ्ठी काढायची. जिचा किंवा ज्याचा नंबर लागला त्यानं पुढच्या शनिवारी तीन मिनिटं बोलायचं, विषय त्याचा. बाकीच्या चौघांनी एकेक प्रश्न विचारायचा, इंग्रजीत, मोडकातोडका चालेल. म्हणजे प्रत्येकाला तयारी आलीच. द्राक्षवाला छाटणीवर बोलला तेव्हा आजोबांनी विचारलं, 'व्हाय यू कट गुड ब्रांच?' आणि तो पठ्ठ्या दहा मिनिटं थांबेना. त्याला त्यातलं सगळं येत होतं, फक्त इंग्रजी कमी पडत होतं, आणि ते कमी पडतंय याचं त्या दहा मिनिटांत त्याला भान नव्हतं. तू त्या वेळी माइक बंद करून बस. मला ते शिकायला दोन वर्षं लागली, शिक्षकाची जीभ आवरत नाही.

एक सावधगिरी. गटात नवरा-बायको घेऊ नकोस, साहेब आणि त्याच्या हाताखालचा घेऊ नकोस. तोंडं बंद होतात.

वेळेचं तू चुकवलंस असं मला वाटतं. सात वाजता वर्ग? सात वाजता चुलीवर भाकरी असते गं. माझा वर्ग साडेनऊला. तोवर भांडी आवरलेली असतात, आणि दिवसाचा डेटा वापरून संपवायचा म्हणूनही काही जण बसतात, खोटं कशाला सांगू. झूमचा फुकटातला वर्ग 40 मिनिटांनी आपोआप तुटतो. सुरुवातीला मी त्याला शिव्या घालायचे, आता तीच मर्यादा बरी वाटते, बोलणं रंगात असताना तुटतं आणि उरलेलं ग्रुपवर चालू राहतं. शेतकऱ्यांना मोटारीची थ्री-फेज वीज काही आठवडे रात्रीची येते. त्या आठवड्यात कुणी आला नाही तर 'इच्छाच नाही' असं म्हणू नकोस, तो पाण्याला गेलाय. वर्गाचं रेकॉर्डिंग पाठवत बसू नकोस, ते कुणी बघत नाही. दोन मिनिटांचा आवाज पाठव, आज काय झालं त्याचा. बांधावर बसून तो ऐकतो. एकदा अशाच एकानं उलट मला आवाज पाठवला, मागं पाटाचं पाणी आणि रातकिडे, 'मॅडम, वॉटर इज कमिंग, आय ॲम नॉट कमिंग.' तो मी पुसलेला नाही.

तुझ्या आईच्या भाषा शिकवणाऱ्या ॲपमधलं ते हिरवं घुबड तुला माहीतच आहे. आपल्याकडे छपरावर घुबड बसलं तर घरातली माणसं दृष्ट काढायची, हिनं ते हौसेनं फोनमध्ये पाळलंय. रोज रात्री झोपायच्या आधी डोळे मिटत असताना चार टिचक्या मारते, का, तर दिवसांची साखळी तुटेल. मी तिला म्हटलं, अगं, साखळी आहे की वटपौर्णिमेचा दोरा? पण एक कबूल करते, रोज पाच मिनिटं बसायची सवय त्या घुबडानं लावली ती मी इतक्या वर्षांत तिला लावू शकले नाही. सवयीपुरतं वापर. मात्र मागच्या महिन्यात बँकेतून इंग्रजीत फोन आला तेव्हा तिनं तो माझ्या हातात दिला, हेही लक्षात ठेव.

आणि काही जणांना यातलं काहीच लागू नाही. माझ्याकडे एक नर्स आली, ब्रिटनला जायचंय म्हणून. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला ओईटी परीक्षेत ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत 350 गुण लागतात, लेखनात 300. तिला आकडा पाठ होता, तारीख ठरली होती, घरचं कर्ज होतं. तिला 'कोणाशी बोलायचंय' विचारत बसले असते तर ती दुसरीकडे गेली असती. तिची ओढ पक्की होती, अंगात त्राण नव्हतं. रात्रपाळीहून आली की डोळे मिटायचे. त्या परीक्षेत बोलण्याच्या भागात पेशंटशी दोन संवाद करायचे असतात, पाच-पाच मिनिटांचे, आधी कार्ड वाचायला तीन मिनिटं. मी रोज सकाळी साडेआठला, ती बससाठी उभी असायची तेव्हा, फोन करून पेशंट व्हायचे. कधी गुडघेदुखीची आजी, कधी इंजेक्शनला घाबरणारा बाप्या. बस आली की संवाद संपला. अशा मुलांना भाषण देऊ नकोस, त्यांची दहा मिनिटं शोधून दे.

प्रमाणपत्र मागतील. दे. छान जाड कागदावर दे, फक्त त्यावर जे आलं तेच लिही. 'शाळेच्या बाईंशी पाच मिनिटं इंग्रजीत बोलू शकते' असं मी एकीला लिहून दिलं, तिनं ते फ्रेम करून देवघराशेजारी लावलंय.

शेवटचं, आणि हे विसरलीस तर मी रागावेन. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा अर्ध्या मिनिटाचा आवाज घेऊन ठेव आणि त्यांना ऐकवू नकोस. मधे एक दिवस येतो, साधारण तिसऱ्या महिन्यात, जेव्हा माणूस म्हणतो, "मला काहीच येत नाहीये, सोडतो आता." प्रत्येकाचा येतो. त्या दिवशी समजावत बसू नकोस. तो जुना आवाज त्याला एकट्याला पाठवून दे, एक अक्षर न लिहिता. रेडमीचा मी पाठवला होता. त्यात ती 'माय नेम इज' म्हणून थांबते, कोंबडा आरवतो, मग पुन्हा 'माय नेम इज', आणि मग नाव न सांगताच बंद करते. तिचं उत्तर रात्री अकराला आलं. पहिल्यांदा नुसतं हसू, बराच वेळ. मग, 'मॅडम, दॅट वुमन इज व्हेरी अफ्रेड. टुमारो आय विल कम.'

बुधवारी साडेनऊला माझा वर्ग असतो, येऊन बस. कॅमेरा बंद ठेवलास तरी चालेल. नाव तेवढं नीट टाक, मागच्या वेळी तू 'रियलमी' म्हणून आली होतीस आणि मी तुला दोनदा प्रश्न विचारला, कळलं नाही मला.